करडी, काळी, पांढरट

सकाळी दूधवाला येऊन गेला की आई खिडकीच्या पट्टीवरून उजव्या हाताचं बोट फिरवते. चहा अजून गॅसवर असतो. ती बोट उजेडात धरते, अंगठ्यावर घासून बघते आणि पंचांगातली तिथी सांगावी तसं सांगते, "आज करडी हाये."

करडी म्हणजे राख. काळी म्हणजे कोळसा; ती बोटाला धरते, धुतली तरी रेषांत उरते. पांढरट असली आणि पिठासारखी लागली तर सिमेंट. तांबूस असली तर रस्त्याच्या कडेचा मुरूम, ट्रकांनी उडवलेला. बहुतेक दिवशी यातलं एक काही नसतं, दोन-तीन मिसळलेलं असतं. मग आई बोट पदराला पुसते आणि म्हणते, "आज मिसळ हाये."

हे घर चंद्रपुरात, लालपेठच्या बाजूला आहे. वडील शाळामास्तर होते. आमच्या घरातलं कोणी खाणीत गेलं नाही की वीज केंद्रात नोकरीला लागलं नाही. मी शिकायला नागपूरला गेले, तिथून पुण्याला, आणि आता वर्षातून तीनदा येते. आले की पहिले दोन दिवस माझं नाक आणि आईचं बोट यांची तक्रार एकच असते. तिसऱ्या दिवसापासून मला काही कळेनासं होतं. चंद्रपूरकर होणं म्हणजे बहुधा तोच तिसरा दिवस.

लहानपणी आम्हाला यात काही वावगं वाटायचं नाही. उन्हाळ्यात पारा 46-47 वर गेला की सगळे गच्चीवर झोपायचे. बाजा, गाद्या, पाण्याचा माठ, उशाशी टॉर्च. सकाळी उठल्यावर उशीच्या खोळीवर डोक्याच्या आकाराची एक स्वच्छ जागा असायची आणि तिच्याभोवती मळकट कड. भावंडांत कोणाचं डोकं मोठं यावर आम्ही त्या कडेवरून भांडायचो. नाक शिंकरलं की रुमालावर काळं यायचं. ते सगळ्यांच्याच रुमालावर येतं अशी माझी समजूत होती. पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्या महिन्यात रुमाल पांढराच राहायला लागला, तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला काहीतरी झालंय.

आईच्या मूगवड्यांवर कायम एक जुनं पातळ पसरलेलं असायचं. मावशीकडे, मूलच्या पुढच्या गावात, वड्या उघड्यावर वाळायच्या. आमच्याकडे पातळाखाली, पडदानशीन. त्यामुळे वाळायला दोन दिवस जास्त लागायचे. आणि कूलर! विदर्भात उन्हाळ्याचा देव म्हणजे कूलर. बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढायची आणि घरात सोडायची. मे अखेरीस टाकी धुवायला काढली की तळाशी चार बोटं काळा चिखल निघायचा. बाबा तो चिखल घमेल्यात काढत म्हणायचे, "बघा, एवढं आपण खाल्लं नाही." जे ताट्यांत अडकलं नाही त्याचा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. आम्हीही विचारला नाही.

चंद्रपूर बाहेरच्यांना दोन कारणांनी माहीत असतं: ताडोबा आणि कोळसा. ताडोबाला जाणारे पर्यटक ज्या रस्त्याने जातात त्याच्या आसपासच दुर्गापूर, पद्मापूरच्या खाणी आहेत आणि ऊर्जानगरचं महाऔष्णिक वीज केंद्र. आमच्याकडे त्याला कोणी एवढं लांबलचक म्हणत नाही, 'थर्मल' म्हणतात. रिक्षावाल्याला 'थर्मल गेट' सांगायचं. 1980च्या दशकात ते सुरू झालं. 210 मेगावॅटचे चार आणि 500 चे तीन संच मिळून 2340 मेगावॅट, अशी जुनी पाटी आम्हाला शाळेच्या सहलीत दाखवली होती. पुढे 500 चे आणखी दोन आले, जुने दोन 210 वाले निवृत्त झाले, आणि आकडा 2920 वर आला. पाणी इरई धरणाचं, कोळसा भोवतालचा. शहराच्या इतर दिशांनाही काही ना काही आहेच. घुग्घुस आणि गडचांदूरकडे सिमेंट, बल्लारपूरला कागद, ताडाळीच्या एमआयडीसीत लोखंड. मधल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक. काहींवर ताडपत्री असते, काहींवर असल्यासारखी असते.

सहलीत एका साहेबांनी आम्हाला समजावलं होतं की राख बाहेर जातच नाही. धुराच्या वाटेत मोठमोठ्या पत्र्यांच्या रांगा असतात, त्यांच्यात हजारो व्होल्टची वीज खेळवलेली असते. राखेचे कण भारित होऊन पत्र्याला चिकटतात, मग पत्र्यावर हातोडे पडतात आणि राख खाली हौदात. त्याचं नाव ईएसपी. मला ते फार आवडलं होतं. अजूनही आवडतं, कारण ते खरंच चालतं, शंभरातले नव्याण्णव कण आणि त्याहूनही जास्त पकडतं. पुढे मोठी झाल्यावर एकदा वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला. 2920 मेगावॅट पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालले तर सुमारे 7 कोटी युनिट वीज. युनिटमागे साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला चाळीस हजार टनांच्या वर. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण 30 ते 45 टक्के, म्हणजे त्यातली तेरा-चौदा हजार टन नुसती राख, आणि तिच्यातली बरीचशी उडणारी. यातली 99 टक्के पकडली, तर उरलेला एक टक्का शंभर टनांच्या वर. 99.9 टक्के पकडली, तर दहा-अकरा टन. दशांश चिन्हानंतरच्या त्या एका नऊत रोजच्या पाच-सहा मोठ्या ट्रकांचा फरक आहे. तो नऊ आज लागला आहे की नाही, हे गच्चीवरून कळत नाही. हा मास्तरच्या मुलीचा हिशेब आहे, तज्ज्ञाचा नाही. तो कोणा एका केंद्रावर ठपका ठेवायला केला नव्हता, एक टक्का म्हणजे किती हे मला समजावं म्हणून केला होता.

मराठीत चिमण्या तीन. एक अंगणात येणारी, एक रॉकेलची, आणि ही. पाचशे मेगावॅटच्या संचाला पावणेतीनशे मीटरची चिमणी हवी असा जुना दंडक होता. इतकी उंच कशाला? धूर कमी व्हावा म्हणून नव्हे, तो दूर जाऊन पातळ व्हावा म्हणून. उन्हाळ्यात तापलेली हवा वर उठते, धुराला घेऊन जाते. हिवाळ्यात पहाटे उलटं होतं. जमिनीलगतची हवा गार आणि जड, तिच्यावर गरम हवेचं झाकण. मग रस्त्याची धूळ, ट्रकांचा धूर, रेल्वे साइडिंगवर खाली होणारा कोळसा, ढिगाऱ्यात आपोआप पेटलेला कोळसा, असं सगळं जमिनीवरचं त्या झाकणाखाली बसून राहतं. उंच चिमणीवाल्याला म्हणता येतं, आमचा धूर तर वरून गेला. खालचा म्हणतो, माझा असा कितीसा?

आणि खालच्यांत आम्हीही होतो. ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

आमच्याकडे गॅस आला त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं अंगणात दगडी कोळशाची सिगडी पेटायची. चंद्रपुरात ही घराघरांतली गोष्ट होती, काही वस्त्यांत अजून आहे. खाणीच्या शहरात कोळसा पोत्याने दारावर येतो, सायकलला लटकवून. तो कुठून आला हे विचारायचं नसतं. पहाटे सिगडी पेटवून बाहेर ठेवायची, पिवळट धूर पूर्ण निघून जाऊ द्यायचा, निखारे लाल झाले की आत आणायची. संपूर्ण गल्लीत ओळीने सिगड्या, आणि सगळ्यांचा धूर सगळ्यांच्या दारात. आई फुंकणी घेऊन तिच्यासमोर उकिडवी बसलेली, डोळे मिटलेले, गाल फुगलेले. आंघोळीचं पाणी, डाळ, भाकरी सगळं त्यावर. गॅस होता, पण सिलिंडर पुरवून वापरायचा असायचा. पाहुण्यांच्या चहाला गॅस, आमच्या वरणाला सिगडी.

खोकला कधी सुरू झाला हे आईला नेमकं सांगता येत नाही. बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मला तो पहिल्यांदा फोनवर ऐकू आला. आधी वाक्यांच्या मध्ये यायचा, मग वाक्याच्या जागी यायला लागला. गावातल्या एका डॉक्टरांकडे सहा वर्षं उपचार चालले: खोकल्याची बाटली, आठवड्याच्या गोळ्या, 'हवा बदललीय ना' आणि हिवाळ्यात दोनदा सलाइन. त्या सहा वर्षांत कोणी तिला एकदाही नळीत फुंकायला लावलं नाही. मीही पुण्यात बसून 'डॉक्टर बदल' म्हणायचे आणि बदलायला जायचे नाही. तेव्हा एकट्या डॉक्टरांना काय बोलू?

शेवटी महाकालीच्या यात्रेच्या गर्दीत, देवळाच्या पायऱ्यांपाशी तिला इतकी धाप लागली की नांदेडहून आलेल्या अनोळखी बायांनी तिला बसवलं, पदराने वारा घातला. तिला ते फार लागलं. धापेपेक्षा जास्त लागलं, "आपल्याच गावच्या यात्रेत परगावच्या बायांनी मले पाणी पाजलं." मग आम्ही नागपूरला गेलो.

स्पायरोमेट्री ही तपासणी ज्यांनी बघितली नाही त्यांनी एकदा दुरून तरी बघावी. एक कोवळा मुलगा, पांढरा कोट, हातात नळी, आणि अचानक तो लगोरीच्या मैदानावर असल्यासारखा ओरडायला लागतो: "आजी, भरा भरा भरा, आता फुंका! फुंका फुंका फुंका, अजून, अजून, सोडू नका!" आईला हसू फुटलं. पहिली फुंकर हसण्यात गेली. दुसरी खोकल्यात. तिसरी नीट झाली. मग पंपाचं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटं बसवलं आणि पुन्हा तेच. पूर्ण श्वासातली जेवढी हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडते ती निदान सत्तर टक्के हवी. आईची अठ्ठावन्न पडत होती, औषधानंतरसुद्धा. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार.

डॉक्टर तरुण होत्या, शांत. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. सिगारेट, बिडी? आई अशी बघायला लागली की मी घाईघाईने 'नाही' म्हटलं. खाणीत काम? नाही. नवरा ओढायचा? नाही. दगडफोडीचं, गिरणीचं, कापसाचं काम? नाही. राहायला कुठे? चंद्रपूर. त्यांनी पेन थांबवून वर पाहिलं, मान हलवली, आणि फाइलवर गावाचं नाव लिहिलं. त्याला खूण केली नाही, खाली रेघ मारली नाही. मग विचारलं, चुलीवर स्वयंपाक?

आईने चट्दिशी सांगितलं, "सिगडी. पंचवीस वरसं." आणि माझ्याकडे वळून, जणू इतके दिवस हरवलेली किल्ली सापडली, "तेच असन, बाई. मीच फुंकत बसायची ना."

फाइलवर 'बायोमास / कोल स्मोक, घरगुती' असं लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं, पण मला त्या खोलीत बसल्या बसल्या राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात, एवढ्या खाणी, एवढी धुराडी, एवढे ट्रक, आणि कबुली द्यायला पुढे आली ती एकटी माझी आई.

मला चिडचिड होते म्हणून मी वाचायला लागले. कळलं ते असं. माणूस मिनिटाला साधारण पंधरा श्वास घेतो. दिवसाचे 21,600. हा आकडा आईला माझ्याआधी ठाऊक होता. कीर्तनात अजपाजपाचा तोच आकडा सांगतात, न म्हणता होणारा जप. डॉक्टरी हिशेबाने एका श्वासात अर्धा लिटर हवा, म्हणजे दिवसाला दहा हजार लिटरच्या वर. दहा मायक्रॉनचे कण बरेचसे नाकाघशात अडतात. माझ्या लहानपणीचा काळा रुमाल म्हणजे नाकाने इमानेइतबारे केलेलं काम होतं. त्याहून बारीक, अडीच मायक्रॉनचे आणि खालचे, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाचे, ते सरळ शेवटच्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. आईच्या बोटाला जे दिसतं ते मोठं. जे तिच्या छातीत बसलं ते खिडकीच्या पट्टीवर फारसं उतरतच नाही. शिवाय कोळशातल्या गंधकाचा वायू हवेत फिरता फिरता स्वतःच बारीक कण होतो. चिमणीतून निघाला तेव्हा तो धूळ नव्हताच, मग ईएसपीचे पत्रे त्याला कसे धरणार? त्याला वेगळं यंत्र लागतं, एफजीडी. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने त्यासाठी मर्यादा घातली, दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना त्या यंत्रातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, हे कारण. अतिप्रदूषित भागांजवळच्या केंद्रांचं काय ते प्रकरण पाहून ठरवायचं.

आजारांच्या राज्यवार ओझ्याचा जो मोठा अभ्यास भारतात झाला, त्यात 2016 साली सीओपीडी हे देशातल्या मृत्यूंचं दुसऱ्या क्रमांकाचं कारण होतं, आणि त्या आजाराच्या ओझ्यातला निम्म्याहून जास्त वाटा हवेचा होता, घरातली आणि बाहेरची धरून. तंबाखूचा पाव. तरी आपल्याकडे खोकणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न बिडीचाच असतो. बिडी ओढणाऱ्याचा हात दिसतो ना!

माझी अडचण इथेच आहे, आणि ती अजून सुटलेली नाही. कायदा एकेका धुराड्याकडे बघतो. या चिमणीतून घनमीटरला इतके मिलिग्रॅम, त्या भट्टीतून तितके, या रस्त्यावर पाणी मारलं का, रेल्वेच्या त्या कोळशाच्या वाघिणी झाकल्या का. प्रत्येकाचा कागद वेगळा, आणि पुष्कळदा प्रत्येकाचा कागद ठीक असतो. पण आईच्या छातीत वेगवेगळे कप्पे नाहीत. तिथे फक्त बेरीज होते. पास झालेल्या दहा धुराड्यांची बेरीज नापास होऊ शकते, हे शाळेतल्या पोराला कळेल. ते गुणपत्रिकेत कुठे लिहायचं याचा रकानाच नाही.

एकदा तो रकाना आखला गेला होता. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या 88 औद्योगिक पट्ट्यांना एकत्रित गुण दिले, हवा, पाणी, जमीन सगळं धरून. सत्तरच्या वर गेलं की अतिप्रदूषित. असे 43 निघाले. अंकलेश्वर, वापी, गाझियाबाद, आणि चौथं चंद्रपूर, 83.88. जानेवारी 2010 मध्ये अशा ठिकाणी नवे प्रकल्प आणि विस्तार यांवर बंदी आली. गावात काय चर्चा होती सांगू? "आपला नंबर चौथा आला." मी थट्टा करत नाही, खरंच त्या सुरात लोक सांगायचे, अर्धं हसत. माझा एक वर्गमित्र म्हणाला होता, बोर्डात कधी आपल्या जिल्ह्याचा चौथा आला नाही, इथे तरी आला. बंदी काही काळाने उठली. कृती आराखडे झाले. 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्याच्या यादीतही चंद्रपूर आहे. खुटाळ्याला एमआयडीसीत आणि शहरात हवा मोजणारी स्वयंचलित यंत्रं आहेत, मी पुण्यातून मोबाइलवर त्यांचे आकडे बघते. वर्षाची सरासरी पीएम 2.5, म्हणजे ते अडीच मायक्रॉनचे आणि त्याखालचे कण, घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमच्या आत असावी असा आपला दंडक, जागतिक आरोग्य संघटनेचा 2021 पासून 5. या दोन आकड्यांच्या मध्ये आपण सगळे राहतो.

आमच्या भागात वाघ येतो. बिबटे तर दुर्गापूरच्या वस्तीत मांजरासारखे फिरतात. वाघाने माणूस मारला की वन खात्याचे लोक येतात, ठसे बघतात, मोजतात, झाडांना कॅमेरे बांधतात, पंचनामा करतात. कोणता वाघ, नर की मादी, हेसुद्धा ठरतं. घरच्यांना शासनाची भरपाई मिळते. पुरेशी असते असं नाही, पण माणूस कशाने गेला याचा सरकारी कागद असतो. गल्लीतल्या ज्या तीन म्हातारे-म्हातारी दोन हिवाळ्यांत धापेने गेले त्यांच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं, कर्ता नव्हता. धुराला ठसा नसतो, असं मी तेव्हा कोणालातरी म्हटलंही.

ते पूर्ण खरं नाही. धुळीलाही ठसे असतात. कणांतली रसायनं तपासून त्यात कोळसा किती, रस्ता किती, डिझेल किती, लाकूड-कचरा किती हे बऱ्यापैकी सांगता येतं. देशातल्या सहा शहरांचा तसा मोठा अभ्यास पंधरा वर्षांपूर्वीच झाला: दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळुरू, कानपूर. पुण्याच्या हवेत काय काय मिसळलंय हे त्यात आहे. आईच्या गावाची पाळी त्यात नव्हती.

आणि वाटणी करायची ठरवलं तर वाटणी होते, हे मुंबईत माहुलला दिसलं. चेंबूरच्या पलीकडे, रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या कुशीत जुनं कोळीवाड्याचं गाव, आणि नंतर त्याच्याच शेजारी उभ्या केलेल्या इमारती, ज्यांत मुंबईभरातल्या पाडलेल्या झोपड्यांतली माणसं आणून ठेवली. मी एकदा ऑफिसच्या कामाने चेंबूरला गेले होते, तेव्हा मुद्दाम तिकडे गेले. वास चंद्रपूरचा नव्हता, गोडसर, डोकं धरणारा. पण एका बाईने जसा थांबत थांबत जिना चढला, एक पायरी, दम, एक पायरी, दम, ते मला ओळखीचं होतं. 2013 मध्ये केईएम रुग्णालयाने त्या भागात पाहणी केली होती. 67.1 टक्के लोकांनी सांगितलं, महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते. डिसेंबर 2015 मध्ये हरित लवादाने मान्य केलं की इथल्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने पालिकेला सांगितलं की त्या इमारतींत कोणाला जबरदस्तीने पाठवू नका, राहणाऱ्यांना दुसरीकडे राहायला महिना 15,000 रुपये भाडं द्या. आणि ऑगस्ट 2020 मध्ये हरित लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपये भरायला सांगितलं, प्रत्येकीचा वाटा वेगळा, कोणाला सर्वांत मोठा, कोणाला अगदीच चिमूटभर. तो वाटा बरोबर होता की चूक हे मला ठरवता येणार नाही. मला एवढंच बघायचं होतं की 'हवा सगळ्यांची, तेव्हा दोष कोणाचा नाही' हे वाक्य कागदावर खोडता येतं का. येतं.

मात्र माहुलच्या कागदात नसलेला एक वाटेकरी माझ्या हिशेबात आहे. पुण्यातल्या माझ्या घरात एसी आहे, गिझर आहे, हवा शुद्ध करायचं यंत्रही आहे, आणि ते यंत्र विजेवरच चालतं. राज्याच्या तारांत सगळी वीज एक होते, तिथेही बेरीजच. त्यामुळे कोणत्या युनिटामागे कोणाची राख हे सांगता येत नाही. आणि हेही खरं की मला ते सांगता येत नाही याचं थोडं बरंच वाटतं. गल्लीतली निम्मी घरं खाण, थर्मल, ट्रक आणि सिमेंट यांच्यावर चालतात. समोरच्या काकांचा मुलगा ठेकेदाराकडे आहे. मागे एकदा मी कॉलनीच्या बैठकीत साइडिंगच्या धुळीबद्दल अर्ज करू म्हटलं, तर ते काका उठून हळूच म्हणाले, "अर्ज कर ना पोरी. पण मग पोट्ट्याले तू पुण्याले लावून देशीन का कामाला?" मी गप्प बसले. अर्ज झाला, पंधरा सह्या पडल्या. काकांची सही त्यात आहे, शेवटून दुसरी. पंधरा दिवस रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरला.

आई आता दोन पंप घेते, एक रोजचा, एक धाप लागली तर. प्लॅस्टिकच्या डब्यातून ओढायचा, दहापर्यंत मोजायचं, चूळ भरायची. तिच्या वेळापत्रकात ते तुळशीला पाणी आणि रेडिओवरच्या बातम्या यांच्या मधोमध बसलंय. डॉक्टरांनी घरी फुंकायचं एक छोटं मीटर दिलं, नळी आणि तिच्यावर सरकणारा काटा. तिने बघताक्षणी त्याचं नाव ठेवलं: फुंकणी. "जन्मभर निखाऱ्यात फुंकली, आता काट्यात फुंकून राहिली."

आकडे लिहायला मी तिला बाबांची एक जुनी हजेरीवही दिली. तारीख आणि फुंकर, दोन रकाने. माझा बेत असा होता की खुटाळ्याच्या यंत्राचे आकडे आणि आईच्या फुंकरीचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे, आलेख काढायचा आणि कुठेतरी दाखवायचा. सहा महिन्यांनी मांडले. जुळले नाहीत. काही दिवस हवा वाईट आणि आई ठणठणीत. काही दिवस हवा चांगली आणि ती दोन उशा लावून बसलेली. कधी दोन दिवस मागून परिणाम येतो, कधी सर्दीने येतो, कधी लग्नातल्या फोडणीने. एका बाईच्या एका वहीतून काही सिद्ध होत नसतं. त्याला हजार बाया लागतात, दहा वर्षं लागतात. मी तो आलेख मिटवला. तिला मात्र सांगितलं नाही, ती मन लावून लिहीत होती.

या दिवाळीत गेले तेव्हा वही सहज उघडली. दोनाचे तीन रकाने झाले होते. तिसरा तिने स्वतः पट्टी लावून आखलेला, वर बाबांच्या वळणाची नक्कल करून 'बोट' असं लिहिलेलं.

सोमवार, 180, काळी. मंगळवार, 170, करडी. बुधवार, 150, मिसळ. मोठा पंप दोनदा. गुरुवार, फुंकली नाही, लाइट नव्हती. शुक्रवार, 190, रात्री पाऊस झाला. शुक्रवारच्या ओळीत तिसरा रकाना रिकामा होता. मी विचारलं, हे का सोडलंस?

"पाऊस होता ना," आई म्हणाली. "बोटाले काहीच नाई लागलं. तर काय लिहू?"